दुकानाच्या वेबसाइटला लिंक मिळवताय? या चुका टाळा

खान्देशातल्या दुकानदारांनाही आता तो फोन येतो: "साहेब, शेकडो बॅकलिंक देतो, महिन्यात गुगलवर पहिला नंबर." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक. असा फोन ठेवून द्या. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं गुगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहे. डिसेंबर २०२२ पासून तर गुगलची स्पॅमब्रेन यंत्रणा अशा लिंका हेरून त्यांचं वजनच काढून घेते. दंड होईलच असं नाही, पण पैसे पाण्यात.

त्याहून मोठी चूक म्हणजे हक्काच्या लिंका वाया घालवणं. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून (गुगलवर दिसणारी दुकानाची नोंद) फुकट बनवलेल्या साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. जून २०२४ पर्यंत तो पत्ता प्रोफाइलकडे वळत होता, नंतर तेही थांबलं. तरी कंपनीच्या डीलर यादीत, व्यापारी संघटनेच्या पानावर तोच जुना पत्ता पडून असतो. अशा ठिकाणी फोन करा आणि नवा पत्ता टाकून घ्या. साइट स्वतःच्या डोमेनवर (स्वतःच्या नावाच्या वेब पत्त्यावर) होती आणि डोमेन बदललं असेल, तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा कायमचा नव्याकडे वळेल. जुनं डोमेन लगेच सोडू नका.

दुकानाची माहिती लिहितानाही घोळ होतो. एका ठिकाणी दुकानाचं नाव, दुसरीकडे मालकाचं, तिसरीकडे बंद पडलेला लँडलाइन. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकच ठेवा. जळगावकरांनी जिल्हा आणि पिनकोडही लिहावा; बुलढाण्यातलं जळगाव जामोद आहेच.

"तुम्ही आमची लिंक टाका, आम्ही तुमची" हा व्यवहार जपून करा. रावेरच्या ठिबक विक्रेत्याने टिश्यू कल्चर रोपांच्या नर्सरीचा दुवा देणं शेतकऱ्याच्या कामाचं आहे. त्याच पानावर साड्या, मोबाइल कव्हर आणि लग्नाचा हॉल कशाला? गणेश मंडळाला किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला पैसे दिलेत आणि त्यांनी साइटवर तुमचं नाव टाकलं, तर उत्तमच. फक्त त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' हा टॅग, म्हणजे लिंक पैसे देऊन मिळाल्याची गुगलसाठीची खूण, लावायला सांगा. २०१९ पासून त्याची सोय आहे.

पण लिंक द्यावी असं तुमच्या साइटवर आहे तरी काय? बहुतेक ठिकाणी मालकाचा फोटो आणि "आमच्याकडे सर्व प्रकारचा माल मिळेल". त्याच ठिबक विक्रेत्याने मृगबाग आणि कांदेबाग केळीला कोणत्या महिन्यात किती वेळ पाणी सोडायचं, याचा तक्ता कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाकडून तपासून टाकला, तर शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादा पत्रकार तो आपणहून जोडेल. सावकाश होतं हे. पण ती लिंक कुणी सहजासहजी काढूनही टाकत नाही.

शेवटची घाबरगुंडी: सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातल्या 'लिंक्स' अहवालात अनोळखी परदेशी साइट दिसल्या की लोक डिसअव्हाउ फाइल (या लिंका मोजू नका, असं गुगलला कळवणारी यादी) द्यायला धावतात. थांबा. अशा कचऱ्याकडे गुगल बहुतेक वेळा दुर्लक्षच करतं. आधी तिथलंच 'मॅन्युअल ॲक्शन्स' (गुगलने साइटवर केलेली कारवाई) हे पान उघडा. तिथे काही नसेल आणि तुम्ही स्वतः लिंका विकत घेतल्या नसतील, तर त्या फाइलला हात लावू नका. चुकीच्या ओळी टाकल्या तर चांगल्या लिंकाही हातच्या जातील.