डबल दिसतंय म्हणजे डबल डाय नव्हे! एरर पेनी ओळखायची कशी

सुरुवातीलाच सांगतो, 'तुमच्या घरात लाखोंची पेनी असू शकते' असे व्हिडिओ बघून हा लेख उघडला असेल तर ते व्हिडिओ आधी डोक्यातून काढा. पेनी म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं आणि एरर पेनी म्हणजे पाडतानाच चूक झालेली पेनी. मी इथे न्यू जर्सीत गेली बरीच वर्षं बँकेतून पेनीचे बॉक्स आणून चाळतोय, एका बॉक्समध्ये २५ डॉलरचे २५०० सेंट, आणि त्यातले बहुतेक सगळे परत बँकेतच जातात.

लागतं काय? १०एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, लोहचुंबक. नाणी आधी सालाप्रमाणे वेगळी करा.

चुंबक १९४३ साठी. त्या वर्षी युद्धासाठी तांबं वाचवायला सेंट स्टीलचे पाडले, ते चुंबकाला चिकटतात. चुकून तांब्यात पाडलेली १९४३ फार मोलाची, म्हणून तिच्या नकली पण फिरतात. तांबूस १९४३ सापडली आणि ती पण चिकटली तर वरून मुलामा दिलाय, विषय संपला. नाही चिकटली तरी नाचू नका, १९४८ चा ८ तासून ३ केलेला असतो. काट्यावर ३.११ ग्रॅम यायला पाहिजे आणि ३ ची शेपटी लांब खाली उतरलेली पाहिजे.

आता खरा घोळ. डबल डाय. डाय म्हणजे नाण्यावर चित्र आणि अक्षरं उठवणारा ठसा.

रांगोळीचा छाप डोळ्यांसमोर आणा. छापच दुहेरी कोरला गेला तर त्यातून पडणारी प्रत्येक रांगोळी दुहेरी येणार, हा झाला डबल डाय. छाप चांगला आहे पण उचलताना हात हलला आणि कडा फरफटली, हे मशीन डबलिंग, आणि याला कोणी जास्तीचा एक सेंट देत नाही. भिंगातून बघा: खऱ्या डबल डायमध्ये दुसरं अक्षर पण गोलसर, उठावदार असतं, टोकांना खाच दिसते आणि एकूण अक्षर जाड होतं. मशीन डबलिंगमध्ये बाजूला चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. १९६९ ची, तारखेखाली एस (सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण) असलेली पेनी मिळाली, तारीख मस्त डबल दिसत होती, मी रात्री अकराला बायकोला उठवून दाखवली. खरी १९६९-एस डबल डाय हजारो डॉलरला जाते ना! ग्रेडिंगला, म्हणजे फी घेऊन नाणं तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवली, फी आणि पोस्टेज मिळून पन्नासच्या वर गेले आणि उत्तर आलं, मशीन डबलिंग. चूक शंभर टक्के माझी, कारण पुरावा नाण्यावरच होता, तो एस पण डबल दिसत होता. १९९० च्या आधी सेंटवरचं हे मिंटचं (टांकसाळीचं) अक्षर डायमध्ये वेगळं, हाताने ठोकायचे, त्यामुळे बाकी मजकूर डबल झाला तरी ते एकेरीच राहतं. १९६९-एस हातात आली की सगळ्यात आधी एस बघा, मग बायकोला उठवा.

अजून एक, मोबाईलच्या फ्लॅशवर निकाल देऊ नका, सावली पण डबल दिसते. एकच दिवा बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. १९८२ नंतरच्या जस्ताच्या पेनीवर मुलाम्याखाली फोड येतात, ते डबलिंग नाही आणि कुठली एरर पण नाही.

१९५५ वाल्यांनी विशेष जपा. खऱ्या डबल डायमध्ये तारीख आणि वरचा मजकूर साध्या डोळ्यांना दुहेरी दिसतो, झिजलेली पण हजार डॉलरच्या आसपास जाते. फक्त शेवटचा ५ डबल असेल तर ती झिजलेल्या डायची, दोन-चार डॉलरची गोष्ट. १९९५ ची डबल डाय खरी असते पण बऱ्याच सापडल्या, म्हणून भाव हजारांत जात नाही.

भाव बघताना ईबेवर 'सोल्ड'चा फिल्टर लावा, मागितलेली किंमत म्हणजे नुसती हौस. पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांकडे पाठवायचं ते नाणं फीच्या निदान तिप्पट जात असेल तरच. आणि कृपा करून लिंबू, चिंच, पितांबरी काहीही लावू नका, देवाची भांडी वेगळी, घासलेल्या पेनीचा भाव तिथेच निम्म्याखाली येतो.