औशाहून समुद्रात: कयाकची पहिली सफर करायची तर

अण्णांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला विहिरीत सोडलं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. समुद्र पाहिला चव्वेचाळिसाव्या वर्षी. औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते. आता तीन हिवाळे झाले, मालवणजवळच्या देवबागला जाऊन वाटाड्यासोबत कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची चिंचोळी छोटी होडी, चालवून येते. गावातल्या बायका विचारतात, "बाई, आपल्याला जमतं का हो ते?" जमतं. विहिरीत हातपाय मारलेल्या बाईला तर नक्कीच जमतं. फक्त जाण्याआधी काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हे लिहिते.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नावच काढू नका. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्या औशावरूनच जातो. तुळजापूर, सोलापूर, सांगली करत कोल्हापूर गाठायचं आणि तिथून घाट उतरायचा. वाटेत मिरज जवळून जाते. 2016 च्या उन्हाळ्यात तिथूनच रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. एका दमात प्रवास करून दुसऱ्या पहाटे वल्हं हातात घेऊ नका. एक मुक्काम आधी करा, खांदे मोकळे होऊ द्या.

दिवस मात्र सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पक्ष कोणताही असो, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ तिथल्या माणसाकडून घ्यायचीच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, तिला जोर कमी. पेरणीला पंचांग बघणारी माणसं आपण, हा हिशेब आपल्याला चटकन कळतो.

मी एकादशी-द्वादशी धरते, त्याला कारण आहे. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, टोकाला दोघांचा संगम, पलीकडे भोगवे. पाणी ओसरत असताना नदी जोरानं बाहेर धावते आणि आत येणाऱ्या लाटांना भिडते. मग संगमावरच्या वाळूच्या बांधावर लाटा उभ्या राहून फुटतात. नवख्यानं तिथं त्या वेळी असूच नये. भरती चढत असली की लाट आणि पाणी एकाच दिशेनं येतात, तोंड पुष्कळ शांत असतं, आणि परतताना तेच पाणी आपल्याला नदीत आणून सोडतं. एकादशीला पावणेसातला निघालं की सव्वाआठाच्या भरतीबरोबर आत येता येतं. दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुटायच्या आधी आपण किनाऱ्यावर असतो.

आता वाटाड्या. फोनवर पैसे विचारायच्या आधी हे विचारा: किती कयाकमागे एक माणूस असतो? कयाक उलटली तर पाण्यात कोण उतरतं? हवा बिघडली तर सफर रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे कधीच रद्द होत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस शोधा. पहिल्या वर्षी एका ठिकाणी मला तुटक्या बकलाचं लाइफ जॅकेट सुतळीनं बांधून दिलं होतं. मी ते काढून परत दिलं आणि त्या दिवशी पाण्यात गेले नाही. पैसे गेले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे ओढून घ्या आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते ढिलं आहे किंवा मोठं आहे. शिट्टी लावलेली आहे का बघा. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

आता मी ज्याच्यासोबत जाते तो देवबागच्याच मच्छीमार घरातला तरुण पोरगा आहे. पहिल्या सकाळी मी कयाकमध्ये बसायची घाई करत होते. तो म्हणाला, "ताई, वाईच थांबा," आणि वल्हं माझ्या डोक्यावर आडवं धरायला लावलं. कोपर काटकोनात आले, तिथं हातांची जागा. वल्ह्याच्या पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या बोटांशी पाण्यात घालायचं, कमरेशी आलं की काढायचं. ओढायचं ते दंडानं नाही, कमरेतून वळून. जात्यावर दळणाऱ्या बाईचं अंग जसं फिरतं ना, तसं. मूठ आवळू नका, नाहीतर अर्ध्या तासात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. दोघांची कयाक असेल तर ताकदीचं माणूस मागे, कारण वळवायचं काम त्याचं. पुढच्यानं लय धरायची.

पहिला दिवस नदीतच काढा, कांदळवनाच्या कडेकडेनं. आणि त्याच दिवशी, वाटाड्याला सांगून, मुद्दाम कयाक उलटवा. हे टाळू नका. मी उलटले तेव्हा नाकातोंडात खारं पाणी गेलं, डोळे झोंबले, पण जॅकेटनं लगेच वर आणलं. एक हात कयाकवर, दुसऱ्या हातात वल्हं. दोन्हींपैकी काहीच सोडायचं नाही. कयाक सुलटी करायची. कडेला धरून पाय मागे पाण्यावर आणायचे, जोरात मारायचे आणि पोटावर कयाकवर आडवं यायचं, विहिरीच्या काठावर चढतो तसंच. मग कुल्ले वळवून बसायचं, पाय शेवटी आत. वरून बसायच्या कयाकला तळात भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं. तिसऱ्या खेपेला मी मदतीशिवाय चढले आणि त्यानंतर भीती उरली नाही.

समुद्रात गेल्यावर लाटेला नेहमी तोंड द्यायचं, कूस द्यायची नाही. आडवी लाट कयाक पालथी करते. सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत पाणी काचेसारखं दिसतं, पण तो वारा आपल्याला हळूहळू बाहेर नेत असतो. त्यासाठी अगदी समोर नाही, तर बाजूला लांबवर दिसणाऱ्या किनाऱ्यावर एक माड आणि त्याच्या बरोबर मागे डोंगरावरचं एखादं झाड धरून ठेवा. वल्हं थांबवलं की दोघं एकमेकांपासून सरकू लागतात, त्यावरून आपण कुठं वाहतोय ते कळतं. आणि वाटाड्याच्या हाकेच्या अंतरात राहा. भोगव्याच्या बाजूला खडकांवर लाटा फुटताना फार देखण्या दिसतात. पण तिथं खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे एक जातीचे शिंपले, असतात, त्यांची धार पाय चिरते. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घाला, साधी चप्पल नको.

पाण्याबद्दल एक. आपल्याला तांब्याभर पाणी पुरवून प्यायची सवय आहे. इथं ती मोडा. खारी हवा आणि ऊन माणसाला कोरडं करतात. माणशी एक लिटर सोबत घ्या आणि तहान लागायच्या आधीच घोट घ्या. लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा कपडा घाला, टोपीला दोरी हवी.

दुपारी जेवून आराम झाला की मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात जा. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मी दरवेळी त्यांच्या काठाशी थांबते. अण्णांना हे दाखवायचं राहून गेलं.

खांदे भरून आले असतील तर संध्याकाळी गरम पाण्यानं शेका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं असेल तर पाऊण तास उशिरा निघा. द्वादशीची भरती नऊला आहे.