सापाची पेटी घरी बनवताय? या चुका टाळा

द्राक्ष काढणीच्या दिवसांत नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडकडून फोन आला की समोरचा बहुतेक वेळा सांगतो, "दादा, साप क्रेटखाली झाकून ठेवलाय, लवकर या." जाऊन पाहावं तर खाली घोणस, वर उपडा घातलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यावर दगड आणि भोवती पोराटोरांचा घोळका. क्रेटच्या बाजूंना बोट जाईल एवढ्या फटी. घोणसाचे दात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतात, आणि मुलं तर त्या फटींपाशी वाकून बघत असतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्या क्षणी त्याच्या हाताशी तेवढंच असतं. पण आपण सर्पमित्र साप पकडून नेण्याचं काम ठरवून करतो. तरीही अनेक सर्पमित्रांच्या पेट्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच त्या क्रेटपेक्षा फार वेगळ्या नव्हत्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय साप पकडणं आणि जवळ ठेवणं गुन्हा आहे. हा लेख वन विभागाच्या परवानगीने, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकून काम करणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांनी साप दिसला तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

पेटी बनवताना आपण एकच विचार करतो, साप बाहेर येऊ नये. माझ्या मते तो अर्धाच विचार झाला. साप आत घालताना, पेटी उचलताना, गाडीवर बांधताना आणि शेवटी उघडताना आपला हात सापापासून किती लांब राहतो, हे पेटीने ठरवायचं असतं. खालच्या बहुतेक चुका याच जागी होतात.

पत्र्याची ट्रंक

माझी पहिली पेटी म्हणजे घरातली जुनी पत्र्याची ट्रंक होती. मजबूत, कडी-कोयंड्याची, वर खिळ्याने पाडलेली भोकं. मे महिन्यात दुपारी पाथर्डी फाट्याजवळून एक नाग घेतला, ट्रंक गाडीच्या मागे बांधली आणि वाटेत आणखी एका कॉलसाठी थांबलो. पाऊण तासाने ट्रंकेला हात लावला तर चटका बसला. आतला नाग दगावला होता. सापाला स्वतःचं शरीर थंड ठेवता येत नाही. बाहेर सावली मिळाली तरच तो वाचतो, आणि मी त्याला पत्र्यात कोंडून उन्हात उभा केला होता. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर पत्रा वापरला नाही.

बारा मिलिमीटरचं चांगलं वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घेऊ नका, एका पावसाळ्यात ते फुगतं आणि स्क्रू सुटतात. आतून ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची पेटी सुती पिशवीत बांधून ठेवलेल्या नाग-घोणसाला पुरते. कड्या-बिजागऱ्या धरून ती सहा-सात किलोंची होते, एका हाताने उचलता येते. मोठी पेटी म्हणजे सापाला आराम, असा समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या पेटीत साप प्रत्येक स्पीडब्रेकरला इकडून तिकडे आपटतो. बाहेरून पांढरा रंग द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवा. ताज्या रंगाच्या किंवा थिनरच्या वासात साप कोंडायचा नाही.

प्लायवूड असलं तरी ऊन ते ऊनच. पेटी सायलेन्सरच्या बाजूला लटकवू नका, उन्हात उभ्या गाडीवर सोडून चहाला जाऊ नका. हिवाळ्यात उलटी अडचण. निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे सापडलेला साप मंद असतो, त्याला गरीब समजून लोक झाकण नीट लावत नाहीत. खोलीतल्या उबेत अर्ध्या तासात तोच साप पूर्ण जागा होतो.

हवेची भोकं

भोकं तीन मिलिमीटरची, समोरासमोरच्या दोन बाजूंना, वरच्या भागात. ड्रिल आतून बाहेर चालवा, म्हणजे भोकाची खडबडीत कड बाहेर राहते. साप वाट शोधताना तोंड घासत राहतो, आत कुसळं असतील तर नाकाडाला जखम होते. ट्रंकेला मी बाहेरून खिळा ठोकला होता, म्हणजे आत पत्र्याचे दातेच दाते होते.

"एवढा मोठा नाग, पाच मिलिमीटरच्या भोकातून कसा जाईल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाग जाणार नाही. पण घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस ते चाळीससुद्धा. मे ते जुलै हा त्यांचा हंगाम. त्या दिवसांत पकडलेली जाड मादी पेटीतच विऊ शकते, आणि पिल्लू पहिल्या क्षणापासून विषारी असतं. फुरशाचं पिल्लू तर पेन्सिलीहून बारीक. म्हणून पेटी मोठ्या सापासाठी नव्हे, सगळ्यात लहान पिल्लासाठी बनवायची.

मोठ्या खिडकीला जाळी लावायचीच असेल तर दुहेरी लावा, दोन जाळ्यांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. एकेरी जाळीतून दात बाहेर येतो. जाळीवर हात ठेवून पेटी उचलणारे मी पाहिले आहेत.

झाकण, कडी आणि मूठ

सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा सुताराकडे गेलात तर तो आपल्या सवयीप्रमाणे मूठ झाकणावर बसवेल, पेटी छान दिसते म्हणून. नको म्हणा. मूठ झाकणावर असली की सगळं वजन कडीवर येतं आणि कडी सुटली की झाकण तुमच्या हातात, साप पायापाशी. मुठी दोन्ही बाजूंच्या फळ्यांना, भोकांपासून लांब, नट-बोल्टने पक्क्या करा.

बिजागरीही स्क्रूने लावू नका. प्लायवूडच्या कडेत बसवलेला स्क्रू वर्षभरात ढिला होतो. पूर्ण लांबीची पियानो बिजागरी घ्या, आरपार बोल्ट आणि लॉक नट वापरा, बोल्टची टोकं आत टोचणार नाहीत असं पाहा. समोर दोन ओढून बसणाऱ्या कड्या आणि एक कुलूप. एकाच कडीवर भरवसा ठेवला तर झाकणाचा दुसरा कोपरा उचलला जातो आणि बोटभर फट पडते. झाकणाला चारी बाजूंनी दोन सेंटिमीटरची पट्टी ठोका, डब्याच्या झाकणासारखी. मग सांध्यातून फट दिसतच नाही.

मी आत आणखी एक सरकतं झाकण घालतो, पॉलिकार्बोनेटचं, खाचेत बसणारं. वरचं झाकण उघडल्यावर आधी त्यातून साप कुठे आहे ते दिसतं. ॲक्रिलिक स्वस्त मिळतं, पण ते तडकतं.

पिशवी म्हणजे पेटी नव्हे

काळ्या सुती पिशवीत साप घेतला की काम झालं, असं समजून पिशवी मांडीवर किंवा हँडलला लटकवून नेणारे आहेत. कापडातून दात सहज आरपार जातो. पिशवी पेटीत ठेवायची, आणि पेटीत ठेवतानाही गाठीच्या वरच्या टोकालाच धरायचं, खालून आधार द्यायचा नाही. पिशवीला दुहेरी शिवण हवी आणि शिवणीच्या कडा बाहेरच्या बाजूला. आत सुटलेला धागा सापाच्या अंगाभोवती आवळतो. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, मग बांधायचं. प्रत्येक वेळी वापरण्याआधी पिशवी उजेडासमोर धरून भोक आहे का ते पाहा.

एका पेटीत एकच साप. मण्यार दुसऱ्या सापांना खाते, नागही खातो. पाण्याची वाटी ठेवू नका, ती सांडते आणि साप ओला राहतो. खाली वर्तमानपत्र पुरे.

उघडताना

इथे सर्वात जास्त लक्ष द्या, कारण इथे घाई होते. अंधार पडलेला असतो, सोबतचा कुणी फोटो काढत असतो. झाकणाच्या पुढच्या कडेला दीड मीटरची दोरी बांधा. पेटी जमिनीवर ठेवून कड्या काढा, बिजागरीच्या मागे जा आणि तिथून दोरी ओढा. झाकण उभं राहिलं की ते तुमच्या आणि सापाच्या मध्ये ढालीसारखं येतं. ते मागे पडू नये म्हणून आतून साखळी हवी. पिशवी हुकने बाहेर घ्या. गाठ आणि साप यांच्यामध्ये काठी आडवी दाबून मगच गाठ सोडा. नंतर पिशवीचा खालचा कोपरा चिमट्याने उचला, साप आपणहून निघतो. झाडायचं नाही.

साप घालण्याआधी पेटीची परीक्षा

अंधाऱ्या खोलीत पेटीत मोबाईलचा टॉर्च लावून झाकण बंद करा. भोकांखेरीज कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर ती फट बुजवा. सायकलची जुनी ट्यूब कापून वाळू भरा, दोन्ही टोकं बांधा. हा तुमचा सरावाचा साप. तो आत घालून पेटी सीटच्या उंचीवरून चारही कोपऱ्यांवर पाडा, मग गाडीवर बांधून खड्ड्यांच्या रस्त्याने एक फेरी मारा. कडी जराही हलली तर पुन्हा सुताराकडे. पिशवीत घालणं, पेटीत ठेवणं, दोरीने उघडणं, हे सगळं याच ट्यूबवर पन्नास वेळा करा.

बाहेर मोठ्या अक्षरांत "विषारी साप, उघडू नये" आणि तुमचा फोन नंबर लिहा. सोबत सापाची जात, पकडल्याची जागा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. अपघात झाला तर रुग्णवाहिकेतल्या माणसाला तेवढंच वाचता येणार आहे.

काम झाल्यावर पेटी धुऊन, पूर्ण वाळवून, घरी पुन्हा कुलूप लावूनच ठेवा आणि वर "रिकामी" अशी पाटी अडकवा. साप आत गेला की पाटी काढायची. घरातल्या लहान मुलालाही सांगून ठेवा, पाटी नसेल तर पेटीजवळ जायचं नाही.