अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना या चुका टाळा

बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या गेल्या, फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि वसाहती स्वतंत्र झाल्या, एवढ्यावरच अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरील पुष्कळ उत्तरे संपतात. यातील कोणतीही घटना खोटी नाही. परंतु वसाहतींनी युद्ध कसे लढले आणि जगातील सर्वांत बलाढ्य आरमार असलेल्या सत्तेला कसे हरवले, हा गाभाच त्यातून निसटतो. उत्तर नेमके कोठे घसरते, ते क्रमाने पाहू.

चहा महागला म्हणून उठाव झाला, असे लिहू नये. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा वसाहतींत उलट स्वस्त होणार होता. आक्षेप होता तो कंपनीला मिळालेल्या मक्तेदारीला आणि ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने आपल्यावर कर बसवण्याला. आणि हा वाद कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या १७६५ च्या मुद्रांक कायद्यापासून धुमसत होता. १६ डिसेंबर १७७३ रोजी ३४२ पेट्या पाण्यात गेल्यावर ब्रिटिश सरकारने बॉस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतील अधिकार काढून घेतले. एरवी एकमेकींशी फटकून वागणाऱ्या तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी १७७४ मध्ये एकत्र बसले, ते या शिक्षेमुळे. म्हणून कारणमीमांसेत चहापेक्षा या शिक्षेला अधिक जागा द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक तारखांची. ४ जुलै १७७६ हा जाहीरनाम्याचा दिवस युद्धाचा आरंभही नव्हे आणि शेवटही नव्हे. लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे १९ एप्रिल १७७५ रोजीच गोळीबार झाला होता, आणि त्यानंतरही काही महिने काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, राजाकडे समेटासाठी अर्ज करत होती. राज्यघटना १७८७ मध्ये तयार झाली आणि वॉशिंग्टन १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. जाहीरनामा आणि राज्यघटना यांची सरमिसळ केल्यास पुढचे सर्व विवेचन डळमळते.

मराठी लेखनात विशेष आढळणारी चूक म्हणजे हे युद्ध गनिमी काव्याने जिंकले गेले, हे विधान. आपल्या इतिहासामुळे ही उपमा आपल्याला जवळची वाटते आणि दक्षिण कॅरोलायनात फ्रान्सिस मॅरियनच्या टोळ्यांनी तसे छापे घातलेही. परंतु निर्णायक ठरल्या त्या साराटोगा आणि यॉर्कटाऊन येथील लढाया, आणि तेथे कवायती फौजा समोरासमोर उभ्या होत्या. वसाहतींची ही फौज टिकवणे हेच तिचे सेनापती वॉशिंग्टन यांचे खरे कर्तृत्व होय. ते लाँग आयलंडला हरले, ब्रँडीवाइनला हरले. न्यूयॉर्क गेले, फिलाडेल्फिया गेले. तरीही डिसेंबर १७७६ मध्ये, सैनिकांच्या नोकरीची मुदत संपत आलेली असताना, त्यांनी बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर हल्ला केला आणि मोडकळीस आलेली फौज सावरली. १७७७-७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथे उपासमार आणि रोगराईत गेला. तेथेच प्रशियातून आलेल्या फॉन श्टॉयबेन यांनी सैनिकांना कवायत शिकवली. ब्रिटिशांना शहरे घेता येत होती, परंतु जे पडले की युद्ध संपेल असे एकही शहर त्या विस्तीर्ण प्रदेशात नव्हते. फिलाडेल्फिया पडल्यावर काँग्रेस यॉर्क नावाच्या गावी गेली आणि कारभार चालू राहिला.

फ्रान्सचा उल्लेख एका वाक्यात उरकणे, ही माझ्या मते सर्वांत गंभीर चूक. फ्रान्स १७७६ पासून गुप्तपणे शस्त्रे आणि दारूगोळा पुरवत होता. साराटोगा येथे ऑक्टोबर १७७७ मध्ये ब्रिटिश सेनापती बर्गोइनची संपूर्ण सेना शरण आल्यावर, ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी उघड करार केला. यामागे ब्रिटनकडून झालेल्या १७६३ च्या पराभवाचे उट्टे काढण्याची इच्छा प्रबळ होती, हे स्पष्ट लिहावे. त्यानंतर स्पेन आणि हॉलंडही ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरले, त्यामुळे ब्रिटिश आरमार कॅरिबियन बेटांपासून हिंदुस्थानापर्यंत विखुरले गेले. यॉर्कटाऊनला वेढा घालणाऱ्या सैन्यात जवळजवळ निम्मे फ्रेंच होते. ५ सप्टेंबर १७८१ रोजी द ग्रास यांच्या फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराच्या मुखाशी ब्रिटिश जहाजांना परतवून लावले नसते, तर यॉर्कटाऊनला अडकलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याला समुद्रमार्गे निसटता आले असते.

येथे आपल्या इतिहासाशी खरा धागा जुळतो, पण तो ताणू नये. त्याच वर्षांत पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यात आल्याने इंग्रज अस्वस्थ झाले होते, आणि १७७९ मध्ये वडगावला त्यांना नामुष्कीचा तह करावा लागला. म्हणून नाना फडणविसांनी अमेरिकेला मदत केली असे विधान करणे मात्र चुकीचे ठरेल. यॉर्कटाऊनला हरलेला कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला मराठ्यांच्या साथीने लढला, हे नोंदवण्यासारखे आहे.

उत्तर यॉर्कटाऊनच्या १९ ऑक्टोबर १७८१ च्या शरणागतीवर थांबवू नये. त्या दिवशीही न्यूयॉर्क आणि चार्ल्सटन ब्रिटिशांच्याच ताब्यात होते. युद्ध पुढे रेटण्याची इच्छा लंडनमध्ये संपली, मार्च १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थ यांनी पंतप्रधानपद सोडले आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला तह झाला. सर्व वसाहतवासी एका बाजूला होते, हा समजही येथेच दुरुस्त करावा. राजनिष्ठ राहिलेली हजारो कुटुंबे देश सोडून गेली, आणि मूळ रहिवाशांना न विचारता मिसिसिपीपर्यंतची भूमी तहात देऊन टाकण्यात आली. ब्रिटिशांनी स्वातंत्र्याचे आश्वासन दिल्यामुळे मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना परत करावे, अशी मागणी वॉशिंग्टन यांनी केली. ब्रिटिश सेनापती कार्लटन यांनी ती नाकारली आणि सुमारे ३,००० कृष्णवर्णीय न्यूयॉर्कहून मुख्यतः नोव्हा स्कोशियाकडे रवाना झाले.