निकालानंतर शेअर कोसळला तर काय करावं

"नफा तर वाढलाय, मग शेअर का पडला?" तिमाही निकालांच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त ऐकू येतो तो हा प्रश्न. त्याच्या मागोमाग दुसरा येतोच: "आता विकू, ठेवू की अजून घेऊ?" बहुतेक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर न शोधताच दुसऱ्याकडे धावतात. पैसा जातो तो या घाईत. खाली दिलेला क्रम मी स्वतः बरीच वर्षं पाळतोय. तो पाळायला लागण्याआधी मी काय केलं होतं, तेही पुढे सांगतो.

पहिल्या तासात काही करू नका

निकाल अनेकदा बाजार बंद झाल्यावर किंवा उघडण्याआधी येतात, तेव्हा शेअर हळूहळू खाली न येता थेट खालच्या भावावर उघडतो. तुम्ही ९० ला स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विकण्याची सूचना, लावलेला असतो, शेअर ८० ला उघडतो. साधा स्टॉप लॉस असेल तर विक्री ८० च्या आसपास होते, ९० ला नाही. 'अमुक भावाखाली विकू नका' अशी लिमिट लावून ठेवलेला असेल तर कदाचित विक्रीच होत नाही आणि शेअर तसाच पडून राहतो. रात्रीतून पडलेल्या खड्ड्यापासून स्टॉप लॉस वाचवत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटं फार वाईट असतात. घाबरलेले विक्रेते आणि स्वस्तात उचलायला आलेले खरेदीदार एकाच वेळी तुटून पडतात आणि भाव वरखाली फेकला जातो. अशा वेळी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्या-विकण्याची सूचना, टाकली तर कोणता भाव मिळेल याची काहीच खात्री नसते.

याला एकच अपवाद आहे. शेअर उधारीवर, मार्जिनवर (ब्रोकरच्या पैशावर) किंवा कर्ज काढून घेतलेला असेल तर थांबण्याची चैन तुम्हाला परवडणारी नाही. ब्रोकरने पैसे मागितले आणि तुम्ही ते भरू शकला नाहीत, तर तो विचारत बसत नाही, विकून मोकळा होतो. म्हणून तेवढी उधारी फिटेल इतकी विक्री आधी करा, आणि उरलेल्या शेअरचा विचार मग शांतपणे करा.

किती लागलं ते मोजा

ॲपवर त्या एका शेअरसमोर लाल आकडा दिसतो आणि छातीत धस्स होतं. पण हिशोब सगळ्या पोर्टफोलिओचा, म्हणजे तुमच्या सगळ्या गुंतवणुकीचा, करायला हवा. तो शेअर पोर्टफोलिओच्या ४ टक्के असेल आणि २० टक्के पडला असेल, तर एकूण नुकसान ०.८ टक्का. तोच शेअर ४० टक्के असेल तर एकूण ८ टक्के गेले. दुसऱ्या बाबतीत खरी चूक निकालाच्या दिवशी झालेली नाही, एकाच कंपनीत इतकं घातलं त्या दिवशीच ती झाली. अशा वेळी कंपनी कितीही चांगली वाटत असली, तरी मी हिस्सा कमी करण्याच्याच बाजूने बोलेन.

का पडला ते शोधा

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे. इथे दोन-तीन तास घाला.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. समजा एका कंपनीची प्रतिशेअर कमाई १० आहे आणि बाजार तिला कमाईच्या ४० पट भाव देतोय, म्हणजे शेअर ४०० ला आहे. निकालाबरोबर कंपनीने सांगितलं की पुढचं वर्ष जरा मंद जाईल. बाजाराने कमाईचा अंदाज १० वरून ९ वर आणला आणि 'एवढी महाग का घ्यायची' म्हणत ४० पटीऐवजी २८ पट द्यायला सुरुवात केली. ९ गुणिले २८ म्हणजे २५२. अंदाज घटला १० टक्के, शेअर पडला ३७ टक्के. भावात आधीच किती अपेक्षा भरलेली होती, ते इथे दिसतं. महाग शेअर किरकोळ निराशेनेही एवढा का आपटतो, याचं कारण हे आहे.

इन्फोसिसचा शेअर १२ एप्रिल २०१३ रोजी एका दिवसात सुमारे २१ टक्के पडला. पुढच्या वर्षाच्या महसूलवाढीचा अंदाज कंपनीने ६ ते १० टक्के दिला होता, आणि बाजाराला तो फारच कमी वाटला. कंपनी तोट्यात गेलेली नव्हती. वर्ष संपायच्या आत शेअरने पडण्याआधीची पातळी ओलांडली.

म्हणून निकाल उघडल्यावर आधी पुढच्या काळाबद्दल व्यवस्थापन काय म्हणतंय ते वाचा, मागच्या तिमाहीचे आकडे नंतर. विश्लेषकांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलचा मजकूर मिळाला तर त्यातली प्रश्नोत्तरं जरूर वाचा. एकाच प्रश्नाला व्यवस्थापन तीनदा बगल देतंय का, यावर नजर ठेवा. कारण एकवेळचं आहे का तेही बघा: कारखाना महिनाभर बंद होता, खटल्याची रक्कम भरावी लागली, जुनी यंत्रं मोडीत काढली. पण हेच 'एकवेळचं' कारण दर दोन-तीन तिमाहींनी येत असेल, तर ते नेहमीचं समजा.

मग रोकड बघा. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझ्याकडे एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीचे शेअर होते. निकालानंतर शेअर पडला, मी नफा-तोटा पत्रक उघडलं. विक्री वाढलेली, नफा थोडा घटलेला. ठीक आहे म्हणून आणखी शेअर घेतले. पुढच्या निकालाला पुन्हा तेच, मी पुन्हा घेतले. तिसऱ्यांदाही. ताळेबंदातली एक ओळ मात्र मी एकदाही पाहिली नव्हती: ग्राहकांकडून येणी. दोन वर्षांत विक्री दीडपट झाली होती आणि येणी तिप्पट. माल जात होता, पण पैसे येत नव्हते. नफा कागदावर होता आणि रोख प्रवाह पत्रकात कामकाजातून आलेली रोकड उणे होती. ही सगळी माहिती कंपनीने लपवलेली नव्हती, तिच्याच अहवालात छापलेली होती. शेवटी विकलं तेव्हा घातलेल्यातला चौथा हिस्सा हातात आला.

तेव्हापासून मी या तीन ओळी आधी बघतो: विक्रीच्या मानाने येणी किती वाढली, मालसाठा किती वाढला, आणि कामकाजातून खरोखर किती रोकड आली. या तिन्ही ठीक असतील आणि कर्ज आटोक्यात असेल, तर एका वाईट तिमाहीने मी फारसा हलत नाही.

शेअर का घेतला होता ते आठवा

घेताना कारण लिहून ठेवलं असेल तर उत्तम. नसेल तर आत्ता लिहा, पण प्रामाणिकपणे. 'या कंपनीचा बाजारातला हिस्सा वाढतोय म्हणून घेतला' असं कारण असेल, तर निकालात तो हिस्सा वाढला की घटला ते तपासता येतं. 'ग्रुपवर कोणीतरी सांगितलं म्हणून' असं असेल, तर तपासायला काहीच नाही आणि ठेवायलाही कारण नाही. चार आठवड्यांसाठी घेतलेला शेअर पडला की आपण त्याला 'लाँग टर्म' म्हणू लागतो. असं स्वतःला फसवू नका.

आता ठरवा

खरेदी भाव विसरणं फार अवघड आहे, आणि तेच सगळ्यात गरजेचं आहे. 'मुद्दल सुटलं की बाहेर पडतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, मीही म्हटलंय. अर्थशास्त्रज्ञ टेरन्स ओडियन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०,००० ब्रोकरेज खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर चटकन विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. विकलेल्या नफ्यातल्या शेअरनी पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के गुणांनी जास्त परतावा दिला. आपण कितीला घेतला, हे त्या शेअरला ठाऊक नसतं.

दुसरीकडे 'एवढा पडलाय, आता वर जाणारच' हेही धरून चालू नका. १९६८ साली बॉल आणि ब्राउन या संशोधकांनी दाखवलं, आणि १९८९ साली बर्नार्ड आणि थॉमस यांनी आणखी तपशीलात मांडलं, की अपेक्षेपेक्षा वाईट निकाल आलेले शेअर पुढचे काही आठवडेही सरासरीने घसरत राहतात. पहिल्या दिवशीच सगळी वाईट बातमी भावात उतरते असं नाही.

फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचाच शेअर बघा. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी निकालानंतर तो २६ टक्के पडला. स्वस्त झाला म्हणून ज्यांनी त्या दिवशी घेतला, त्यांनी नोव्हेंबरपर्यंत त्या भावावरून आणखी ६० टक्क्यांहून जास्त घसरण पाहिली. २०२४ च्या जानेवारीत शेअरने जुना उच्चांक ओलांडला, पण मधली दोन वर्षं धरून बसायला काळीज घट्ट लागतं. आणि सगळेच परत येत नाहीत. घरी व्यायामाच्या सायकली विकणारी पेलोटन ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ३५ टक्के पडली. २०२४ मध्ये बराच काळ तिचा भाव त्या दिवसाच्या बंद भावाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली होता. सावरलेल्या कंपन्यांच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात, बुडालेल्यांची नावंसुद्धा कोणी काढत नाही.

ॲव्हरेज करायचंच असेल तर माझे दोन नियम आहेत. १०० ला १०० शेअर आणि ७० ला आणखी १०० घेतले की सरासरी ८५ होते, छान वाटतं, पण पडत्या कंपनीत अडकलेला तुमचा पैसाही वाढतो. म्हणून आणखी घेऊनही त्या शेअरचा हिस्सा आधीच ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाणार नसेल तरच घ्या. आणि निदान पुढचा एक निकाल पाहूनच घ्या. तळाचा भाव हुकला तरी चालेल.

विकायचं ठरलं आणि मन होत नसेल तर अर्धे विका. हिशोबाच्या दृष्टीने हे काही फार शास्त्रशुद्ध नाही, पण अर्धा भार उतरला की उरलेल्याकडे नीट बघता येतं, हा माझा अनुभव आहे.

मुदत घाला

हे सगळं करायला आठवडाभर पुरे. 'बघू पुढे' म्हणत महिनोन्‌महिने ढकलू नका. आठव्या दिवशी विकू, ठेवू की (पुढचा निकाल पाहून) घेऊ, यातलं एक वहीत तारखेसह लिहा आणि खाली कारण लिहा. ठेवायचं असेल तर आणखी एक ओळ: पुढच्या निकालात काय दिसलं तर मी विकेन. माझ्या वहीत सध्या एका कंपनीखाली लिहिलंय, 'येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढली तर बाहेर.' पुढच्या निकालाची तारीखही शेजारी टाकली आहे.