ब्लॉकमधले आटे गेले की: धुळ्याच्या गॅरेजमध्ये शिकलेलं काम

आयटीआयत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा करून मी धुळ्यात, आग्रा रोडच्या एका गॅरेजला लागलो. आटे पाडणं आपल्याला येतं याची मला तेव्हा खात्री होती. वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये बांधून ड्रिल मारलं होतं, टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, फिरवला होता. पण पट्टी बिघडली तर दुसरी मिळते. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, गाडीत असतो, भोक आडवं असतं, हात जेमतेम शिरतो आणि भिंतीच्या पलीकडे पाणी किंवा ऑइल खेळत असतं. त्यात धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग मिळतात, म्हणजे निम्म्या गाड्या बाहेरगावच्या. माणसं बाकावर बसलेली, पोरं कंटाळलेली, आणि मालक दर दहा मिनिटांनी विचारतो, "झालं का, दादा?" या घाईतच आट्यांचं काम बिघडतं.

माझं बिघडलं ते वॉटर पंपाच्या बोल्टावर. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, एम ८ चा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट. आवळताना तो आधी घट्ट लागला आणि मग एकदम हलका झाला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे ब्लॉकचे आटेच. ती दिसली की ब्लॉकमध्ये काही उरलेलं नाही हे समजून घ्यायचं. आमचे उस्ताद नाना शिरपूरकडचे. ते एवढंच म्हणाले, "भो, पहिले भोक दख, मंग ड्रिल धर." मी भोक पाहिलं नाही. हातातल्या ड्रिलने ८.३ मिलिमीटरचं भोक मारलं, टॅप फिरवला, हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली. पंप लावायला गेलो तर बोल्ट तीन आटे जाऊन अडला. भोक तिरकं गेलं होतं.

नानांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. त्यांच्या पेटीत वीसेक मिलिमीटर जाडीची एक लोखंडी पट्टी होती, लेथवर सरळ भोकं पाडलेली. पंपाची गॅस्केट ठेवून त्यांनी अंतर जुळवलं, शेजारच्या चांगल्या बोल्टाने पट्टी ब्लॉकला आवळली आणि ड्रिल त्या पट्टीच्या भोकातूनच आत घातलं. मग ते वाकडं जाणार कुठे? माझी कॉइल काढून १०.५ चं भोक, त्यात एम १२ चा दीडच्या पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) टॅप, आणि आतून एम ८ चे आटे असलेलं लेथवर काढलेलं स्टीलचं बुश, म्हणजे पोकळ नळी, लॉकटाइट हा आटे पक्के धरणारा डिंक लावून. पंप बसला. त्याच आठवड्यात मी स्वतःसाठी तशी पट्टी करून घेतली. नव्या मुलाने पहिल्या पगारात महागडा पाना घेण्याऐवजी ही पट्टी करून घ्यावी, असं मी आजही सांगतो.

आता 'भोक पाहणं' म्हणजे काय ते सांगतो. आधी इंजिन थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमवर बोल्ट ओढायचा नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही इंजिन लवकर निवत नाही. मग टॉर्च घेऊन बघा, सगळे आटे गेलेत की तोंडाचे दोन-तीनच. फक्त तोंडाचे गेले असतील तर ड्रिलला हातच लावू नका. त्याच मापाचा जुना बोल्ट घ्या, हॅकसॉने लांबीत दोन-तीन चिरा पाडा, कडा घासा आणि तो हाताने आतबाहेर फिरवा. घाण चिरांत येते, दबलेले आटे उभे राहतात. टॅप धातू कापतो, म्हणून तो नंतरचा उपाय.

बोल्ट बरोबर आहे का हेही तेव्हाच पाहा. एम १० मध्ये सव्वाचा पिच असतो तसा दीडचाही असतो, आणि दोन्ही बोल्ट हातात सारखेच वाटतात. पिच गेज लावायला अर्धा मिनिट लागतो. आखूड बोल्ट हे दुसरं कारण. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट आत जावा, बिडाच्या ब्लॉकमध्ये दीडपट. कोणी चार आट्यांवर काम भागवलं असेल तर पुढच्या वेळी ते सुटणारच.

पूर्ण दुरुस्तीच करायची तर मालकाला आधी सांगा, भोक मोठं करावं लागेल म्हणून. ड्रिल मारल्यावर सांगितलं की वाद होतो, आणि चूक आपलीच असते. ड्रिलवर खोली मोजून टेप गुंडाळा. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्याला चिकटतो. आजूबाजूची तोंडं फडक्याने बंद करा. ॲल्युमिनियमला घासलेटाचे दोन थेंब पुरतात, बीड कोरडंच कापलं तरी चालतं. टॅप लागला की गुण्या दोन बाजूंनी लावून पाहा. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप जड लागला की थांबा, बाहेर काढा, पुसा. तुटलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो.

कॉइल फिरवताना दाबायचं नाही, ती आपोआप आत जाते. ब्लॉकच्या पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली थांबवा. खालची आडवी शेपटी पंचने तोडा आणि ती तुमच्या हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉइल स्टेनलेसची असते, तिला चुंबक नीट धरत नाही, ग्रीस लावलेली काडी घाला.

बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका. बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. हवा मारताना चष्मा घाला, भोकावर फडकं धरा. आट्यांना आपल्या मनाने ऑइल लावू नका, मॅन्युअलमध्ये असेल तरच लावा. ऑइलमुळे तोच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बोल्टाला जास्त ताणतो. साध्या ८.८ ग्रेडच्या एम ८ ला २५ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतात. नवी मुलं मनगटाच्या जोरावर त्याहून पुष्कळ जास्त आवळतात, हे मी टॉर्क रेंच लावून त्यांनाच दाखवतो.

सिलिंडर हेडच्या बोल्टांचे आटे गेले असतील तर पहिली दोन वर्षं ते काम एकट्याने घेऊ नका. तिथे मी कॉइलपेक्षा भरीव बुश पसंत करतो. काही इंजिनांत ती भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेत, उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लागतं. ते विसरलं तर गाडी चाळीसगावपर्यंतही नीट जाणार नाही.

त्या वॉटर पंपाच्या गाडीच्या जॉब कार्डावर नानांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं: कोणतं भोक, कोणतं बुश, आत किती खोल. बोल्टाशेजारी पिवळ्या पेंटचा ठिपकाही लावायला लावला. दोन वर्षांनी तीच गाडी टायमिंग बेल्टसाठी आली. तोवर माझ्या हाताखाली अमळनेरचा एक मुलगा शिकत होता. त्याने ठिपका पाहून विचारलं, "दादा, हे काय?" मी पेटीतून पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली.