जीएसएम मॉड्यूल लावलं की स्पीकर टर्रर्र करतो? या चुका टाळा

सिम८००एल (सिम टाकून कॉल करणारं, फक्त २जीवर चालणारं जीएसएम मॉड्यूल) सर्किटला जोडलं, कॉल लावला आणि स्पीकरमधून टर्रर्र सुरू झालं, की बहुतेक जण हवेतून येणाऱ्या लहरी अडवायला, म्हणजे शील्ड करायला, स्वयंपाकघरातली फॉइल शोधायला निघतात. चूक तिथेच होते. २जी मॉड्यूल सलग ट्रान्समिट करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदाला जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ झटके, आणि प्रत्येक झटक्याला २ अँपिअरपर्यंत करंट. ऐकू येतो तो हाच २१७ हर्ट्झ. तो हवेतून शिरतोय की सप्लायमधून, हे आधी शोधा.

मॉड्यूलला वेगळा लिथियम सेल द्या (३.४ ते ४.४ व्होल्ट चालतात) आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकाच जागी जोडा. आवाज गेला तर दोष सप्लायचा किंवा ग्राउंडचा. तसाच राहिला तर अँटेना केबलने हातभर लांब न्या. आता कमी झाला तर हवेतून येतोय.

सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सगळेच लावतात, पण ब्रेडबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला! तो मॉड्यूलच्या पिनांना खेटून हवा. फेराइट बीडवरही (वायरीतला नॉइज अडवणारा छोटा मणी) विसंबू नका, ती मेगाहर्ट्झच्या कामाची. २१७ हर्ट्झ तिच्यातून बिनदिक्कत जातो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ग्राउंड. मॉड्यूल आणि अँप्लिफायरची ग्राउंड वायर एकच असेल आणि तिचा रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओम धरला, तरी २ अँपिअरला तिच्यावर १०० मिलिव्होल्ट पडतात. माइकचा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. तो टिकणार कसा? दोघांच्या ग्राउंड वायरी सप्लायपर्यंत स्वतंत्र न्या.

हवेतून येत असेल तर अँप्लिफायरची इनपुट वायर आखूड करा आणि आयसीच्या इनपुट पिनपाशीच ३३ पिकोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर ग्राउंडला टाका. शील्ड लावायचीच तर ग्राउंडला जोडा, आणि अँटेना तिच्या बाहेर ठेवा.

शेवटची चाचणी टेबलावर घेऊ नका. रेंज कमी असली की मॉड्यूल जास्त पॉवरने ट्रान्समिट करतं, त्यामुळे खिडकीजवळ गप्प बसलेलं सर्किट मोटरच्या खोलीत पुन्हा टर्रर्र करू शकतं. जिथे बसवायचं तिथेच, झाकण लावून कॉल करून बघा. सिम मात्र जिओचं घेऊ नका, त्यांचं २जी नेटवर्कच नाही.